झाकणाच्या आतली बाजू

वारजे, पुणे
९ मार्च २०२५

नागोराव,

नमस्कार लिहावा अशी माझी मनःस्थिती नाही, म्हणून लिहिलेला नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. सोनबांच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. म्हणून पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. गावाचा पत्ता सोनबांकडून मिळाला.

१९ फेब्रुवारीला टेम्पो आणून तुम्ही तुमच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या घेऊन गेलात. मागे काय राहिलं ते तुम्हाला कळायला हवं. मांजरीत सोनबांच्या शेतावर असलेल्या माझ्या चौतीस पेट्यांपैकी आता अकरा जिवंत आहेत. बाकीच्या उघडल्या की आत मूठभर माश्या, मधोमध कावरीबावरी झालेली राणी, आणि काळी पडलेली पिल्लं. काही पेट्यांत तेही नाही. मध तसाच आहे, खायला कोणी नाही. मेणकिड्याने जाळी धरायला सुरुवात केली आहे.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. पुराव्याशिवाय मी बोलत नाही. १७ तारखेला संध्याकाळी पाठीवर पंप घेऊन सोनबांच्या टोमॅटोकडे जाताना मी तुम्हाला पाहिलं. १८ तारखेला सकाळी नऊ पेट्या रिकाम्या. माझ्या पेट्या मरत होत्या आणि वीस पावलांवरच्या तुमच्या बाराही पेट्या भरभरून वाहत होत्या. याचा अर्थ पहिलीच्या मुलालाही लागेल. स्वतःच्या पेट्या तेवढ्या सांभाळल्यात.

चार वर्षांपूर्वी चाकणचा कारखाना बंद पडला आणि तुम्ही मांजरीच्या बांधकामावर राखणदार म्हणून बसला होतात. तिथून मी तुम्हाला पेट्यांवर आणलं. चौकट कशी धरायची, राणी कशी ओळखायची, सगळं मी शिकवलं. फवारणीची कामं सोडा, असं मी तुम्हाला किती वेळा सांगितलं ते आठवा.

त्या सकाळी सोनबांच्या आणि इतर चौघांच्या देखत मी तुम्हाला जे बोलले, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. मधपाळांच्या ग्रुपवर तुमच्या नावानिशी फोटोही टाकला आहे, मागच्या वर्षी मीच काढलेला, पंप पाठीवर असलेला. लोकांना सावध करणं माझं काम आहे. मेलेल्या माश्या एका प्रयोगशाळेत तपासायला पाठवल्या आहेत. अहवाल आला की त्याची प्रत तुम्हाला मिळेल.

शेडची किल्ली तुमच्याकडे राहिली आहे. कुलूप तोडावं लागलं.

श्यामला बेहेरे


वारजे, पुणे
२ एप्रिल २०२५

नागोराव,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

आमच्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावर, बी विंगच्या सज्जाखाली आग्या मोहोळ बसलं होतं. तुम्ही पाहिलं असतंत तर खूश झाला असता, चांगलं परातीएवढं होतं. कोणाला एक डंख नाही. पण कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लगेच सभा. मी म्हटलं, सहा आठवड्यांत त्या आपण होऊन उठून जातील. नाहीतर मोहोळ हलवणारा माणूस मी आणते, मला तीन दिवस द्या. आमचा सेक्रेटरी अभिनव आयटीत आहे. तो म्हणाला, "काकू, सेफ्टी इश्यू आहे. खाली लहान मुलं खेळतात." मी म्हटलं, मुलांना आठवडाभर दुसऱ्या बाजूला खेळू दे. तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही एक्स्पर्ट आहात, मान्य आहे. पण तुमच्या तरी कुठे टिकल्या?"

पेस्ट कंट्रोल बोलवायचं ठरलं. मी सभेतून उठले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पेस्ट कंट्रोलवाले आले. मी खाली उतरेपर्यंत आटोपलं होतं. पार्किंगमध्ये माश्यांचा थर होता, काही पाठीवर पडून गोल फिरत होत्या, जिभा बाहेर आलेल्या. झाडूवाल्या बाईंनी दोन पोती भरली. त्या म्हणाल्या, "मॅडम, अजून हलतायत." मी वर निघून आले.

हे तुम्हाला का लिहिते आहे, ठाऊक नाही. दुसऱ्या कोणाला लिहिलं तर "अरेरे" म्हणेल आणि जेवायला बसेल.

मांजरीच्या अकरा पेट्यांच्या आता सात झाल्या. इथे मी अडखळते आहे. मार्चमध्ये त्या शिवारात कोणीही फवारलेलं नाही. टोमॅटो निघून गेला, आजूबाजूला नुसता ऊस आणि त्यापलीकडे नव्या इमारतींचे पत्रे. मग या चार कशा गेल्या? मी सोनबांना धारेवर धरलं. खरं सांगा, कोण फवारतंय? ते बांधावर बसले होते, उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "कोन फवारनार हाय मॅडम? आन् त्या दिशी नागोरावनं फवारलं ते दिवस मावळल्यावर. मीच व्हतो संगट. आदी तुमच्या समद्या पेट्यांची दारं ओल्या गोनपाटानं झाकली, मग पंप उचलला. सकाळी उजाडायच्या आत येऊन काढलीसुदीक."

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलंत.

"तुमी बोलू दिलं का कुनाला?"

सोनबा तुमचे दोस्त आहेत. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी पुरावा म्हणून धरत नाही. पण तुम्हाला कळवते आहे, एवढंच.

श्यामला बेहेरे


वारजे, पुणे
२१ एप्रिल २०२५

नागोराव,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहिते.

अहवाल आला. माश्यांमध्ये कीटकनाशकाचा मोजता येईल एवढा अंश नाही. खाली एक ओळ होती: वरोवा गोचिडीचा तीव्र प्रादुर्भाव. मी तिथल्या बाईंना फोन करून हुज्जत घातली, नमुना बदलला असेल म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही पेट्यांमध्ये गोचिडी मोजल्या होत्या का?" एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना मोजायला शिकवणाऱ्या बाईला त्यांनी हे विचारलं.

मी मोजल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मांजरीला गेले. काचेच्या बरणीत अर्धा कप माश्या घेतल्या, म्हणजे साधारण तीनशे. वर जाळीचं झाकण, आत दोन चमचे पिठीसाखर. बरणी हलकेच घोळवली, दोन मिनिटं थांबले आणि पांढऱ्या ताटलीवर साखर चाळली. साखरेने गोचिडीचे पाय सुटतात आणि ती खाली पडते. माशीला काही होत नाही. दहा मिनिटांचं काम. तीनशे माश्यांमागे नऊ निघाल्या तर औषध द्यायलाच हवं. माझ्या ताटलीत एकेचाळीस होत्या. तांबड्या, चपट्या, साखरेत पाय हलवत होत्या. दुसऱ्या पेटीत छत्तीस. तिसरीनंतर मी मोजणं थांबवलं.

मग रिकाम्या पेट्या धुवायला काढल्या. तुम्हाला माहीत आहे, मी पेटीचं झाकण उचलते आणि जसंच्या तसं शेजारच्या पेटीवर ठेवते. आतली बाजू कधी बघत नाही. परवा धुताना सगळी झाकणं उलटी केली. एकोणीस नंबरच्या झाकणावर तुमचं अक्षर. काळ्या मार्करने लिहिलेलं.

"१२ डिसें. पंख वाकडे. सात माश्या."
"२० डिसें. मॅडमना सांगितलं. थंडीमुळे म्हणाल्या."
"४ जाने. परत सांगितलं. व्याख्यान झाल्यावर बघू म्हणाल्या."

बावीस नंबरवर तसंच. सत्तावीसवर. एकंदर चौदा झाकणं. मी ती शेडच्या भिंतीला टेकवून ओळीने ठेवली आणि खाली बसले.  सोनबा येऊन बघून गेले. 

मला आठवत नव्हतं असं मी लिहिणार होते. ते खोटं आहे. सगळं आठवतंय. दारातून चालत बाहेर पडणारी एक माशी तुम्ही तळहातावर घेऊन मला दाखवली होती. पंखांच्या जागी चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी, गोचिडीचीच खूण. तुम्ही म्हणालात, "औषधाच्या पट्ट्या लावू का? त्या असेपर्यंत मध काढता येणार नाही फक्त." आणि मला जानेवारीचा मध हवा होता. प्रदर्शनात माझ्या बरण्या मांडायच्या होत्या आणि त्याच मांडवात माझं व्याख्यान होतं. विषय तुम्हाला ठाऊक आहे: मधमाश्यांच्या वसाहती का नष्ट होतात. आठव्या स्लाइडवर वाकड्या पंखांच्या माशीचा फोटो होता. तो मी इंटरनेटवरून घेतला होता. माझ्या एकोणीस नंबरच्या पेटीत चालती माशी होती, तरी.

नोव्हेंबरचं तर अजून लिहिलेलंच नाही. फिरत्या मधपाळाकडून मी सहा पेट्या विकत घेतल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, नव्या पेट्या चाळीस दिवस लांब ठेवू, काय घेऊन आल्यात कोण जाणे. मी म्हटलं, जागा कुठे आहे. आणि आठवड्याभरात त्यांच्यातल्या पिल्लांच्या भरलेल्या चौकटी काढून माझ्या अशक्त पेट्यांमध्ये वाटल्या, पेट्या जोर धरतील म्हणून. गोचीड मेणाने झाकलेल्या पिल्लांतच वाढते. मी ती घरोघरी नेऊन पोचवली. तुमच्या बारा पेट्यांना त्यातली चौकट तुम्ही घेतली नाहीत, आणि डिसेंबरात औषधही दिलंत. म्हणून त्या वाचल्या.

विषाने मेलेल्या माश्यांचा दारापुढे खच पडतो. माझ्या दारांपुढे खच नव्हता. पेट्या नुसत्या रिकाम्या होत होत्या. हे मला १८ फेब्रुवारीलाही दिसत होतं.

श्यामला बेहेरे


वारजे, पुणे
६ मे २०२५

नागोराव,

झालेलं निस्तरायला निघाले आहे आणि काहीही निस्तरत नाही.

तक्रार दिली होती तिथे गेले, म्हटलं, मागे घ्यायची आहे. समोरचे गृहस्थ म्हणाले, "तक्रार निकाली निघते. मागे घ्यायचा फॉर्म नाही." मी म्हटलं, मग चूक माझी होती असं लिहून देते. ते म्हणाले, "कशाच्या संदर्भात?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्ज आवक टेबलाला द्यायला सांगितला. आवक टेबलाच्या बाई रजेवर होत्या. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला. शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे.

ग्रुपवर मोठा मजकूर टाकला: नागोराव निर्दोष आहेत, दोष माझा आहे, गोचीड मोजली नाही, आजारी चौकटी वाटल्या. दोनशे सदस्यांच्या ग्रुपवर चार अंगठे आले. एकाने विचारलं, पिठीसाखर कोणती वापरली. तुमचा फोटो मात्र फेब्रुवारीत कुठल्या कुठे गेला होता. मार्केट यार्डात सोनबांना एका अनोळखी आडत्याने तोच फोटो दाखवून सांगितलं, "हा बघा, माश्या मारणारा." सोनबांनी मला हे हसत सांगितलं. मला दाखवण्यापुरतंच हसत होते.

औषधाच्या पट्ट्या लावल्या आहेत. सातांतल्या दोन पेट्या उशीर झाल्याने गेल्याच. पाच आहेत. रिकाम्या पेट्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून उन्हात टाकल्या. जुनी पोळी वितळवली. हे सगळं डिसेंबरात करायचं होतं.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रातही मी गाळली. १५ फेब्रुवारीला, म्हणजे त्या सकाळच्या तीन दिवस आधी, तुम्ही मला म्हणालात की तुमच्या बारा पेट्या घेऊन गावाकडे जायचा विचार आहे. तिकडे कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलावर येतात, शेतकऱ्यांना परागीकरणासाठी पेट्या हव्या असतात, मालनबाई आणि मुलगी तिथेच आहेत, किती दिवस एकट्याने पुण्यात राहायचं. मी म्हटलं, जा की. दुसरं काही म्हटलं नाही. घरी येऊन माझं डोकं भणभणत होतं. मी शिकवलेला माणूस माझ्याच विद्येवर स्वतःचं उभं करायला निघाला, असं मला वाटलं. अपमान झाल्यासारखं. तुम्ही निघून जाल आणि चौतीस पेट्यांमध्ये मी एकटी उरेन, त्याची भीतीही होती. पण भीती वाटते असं मी स्वतःलाही म्हणत नाही.

मग १८ तारखेला पेट्या रिकाम्या दिसल्या आणि मला कारण मिळालं. रागावायला मिळालं. खरं कारण शोधायचं सोडून मी तुम्हाला पकडलं, कारण तुम्हीच हवे होतात.

मी तुम्हाला "विषारी माणूस" म्हणाले. तेव्हा तुम्ही हातातली चौकट पेटीत हळूच बसवलीत, माशी चिरडणार नाही अशी, आणि मगच वळलात. मला ते अजून दिसतं.

क्षमा मागते. मागून काय होतं, मला माहीत नाही.

श्यामला बेहेरे


वारजे, पुणे
२५ मे २०२५

नागोराव,

तुमचं पत्र काल मिळालं. आठ ओळींचं. इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

तुम्ही लिहिलंत, पत्रं सगळी मिळाली. बारातल्या तीन पेट्या राहिल्या. कांदा फुलावर होता तेव्हा दोन गावांच्या शेतकऱ्यांनी पेट्या शिवारात उतरवू दिल्या नाहीत, कारण मोबाइलवर फोटो आला होता. पेट्या मग माळावर ठेवल्या. तिथे फूल नव्हतं. साखरपाणी पाजलं, पण एप्रिलच्या उन्हात सहा पेट्यांच्या माश्या उठून गेल्या आणि तीन मेल्या. त्या शेतकऱ्यांचं बियाणंही यंदा निम्मंच भरलं.

म्हणजे त्या नऊ पेट्याही माझ्याच नावावर. फवारा नाही, गोचीड नाही. मी काढलेला एक फोटो.

शेवटी तुम्ही लिहिलंत: "तुम्ही मला पत्रात निर्दोष लिहिलं. पत्र माझ्या पेटीत राहतं. गावात मी तोच आहे. ८ जूनला बियाण्याच्या शेतकऱ्यांची बैठक आहे शाळेत."

या, असं लिहिलेलं नाही. येऊ नका, असंही नाही. मी येते आहे. पाच पेट्यांकडे सोनबा बघतील.

श्यामला बेहेरे


वारजे, पुणे
१५ जून २०२५

नागोराव,

परत पोचून पाच दिवस झाले. पाय सुजले होते, आता बरे आहेत.

बैठकीचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही मागच्या खांबाला टेकून उभे होतात. पण पुढे उभं राहिल्यावर मला काय दिसत होतं ते सांगते. माझ्याकडे बोलायचे चार कागद होते आणि एकाचाही उपयोग नव्हता. समोर साठ-सत्तर माणसं, पंखे बंद, आणि सगळ्यांना घाई, कारण पेरणीचे दिवस. मी सुरुवात केली की वसाहती नष्ट होण्याची अनेक कारणं असतात, आणि दुसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीच्या आजोबांनी मला मधेच थांबवलं. "बाई, ते राहू द्या. तुमच्या माश्या मारल्या कोनं, ते सांगा."

मी म्हटलं, "मी."

त्यानंतर बोलणं सोपं गेलं. नव्या पेट्या वेगळ्या ठेवल्या नाहीत. आजारी चौकटी वाटल्या. महिन्यातून एकदा दहा मिनिटं काढून गोचीड मोजली नाही. हा माणूस सांगत होता, त्याचं ऐकलं नाही. आणि हाच माणूस दिवस मावळल्यावर, पेट्यांची दारं झाकून फवारतो. तुमच्यापैकी किती जण तसं करतात, हात वर करा. सात हात वर आले. तेव्हा आजोबांनी मागे वळून तुम्हाला विचारलं, "नागोराव, फवारायच्या आधी सांगितलं तर पेट्या ठेवशील का औंदा?" तुम्ही म्हणालात, "तीनच हायेत. बघू." मला वाटलं होतं तुम्ही माझ्याकडे एकदा तरी बघाल. नाही बघितलंत. नसेल बघवलं.

नंतर माळावर तुम्ही मला तुमची पेटी उघडून दिलीत. मी बरणी घोळवून मोजलं, तीन आल्या. तुम्ही बरणी माझ्या हातातून घेतलीत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलंत. मला राग आला. तुम्हाला तो दिसलाही असेल. तीनच आल्या. बरोबर केलंत तुम्ही. माझ्या मोजण्यावर कोणी का भरवसा ठेवावा.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

संध्याकाळी तुम्ही पेट्या लिंबाखाली हलवायला गेलात तेव्हा मी तुमच्या ओसरीवर होते. मालनबाई माझ्याशी आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पाण्याचा तांब्या ठेवला होता, तोही हातभर लांब. तुम्ही दिसेनासे झालात तशा त्या पदर खोचून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सभेत तुमी माणसाइले सांगितलं. माणसं घरी जाऊन सांगत नसतात. चाला माह्यासंगं. चार घरं हायेत."

मी निघाले. पहिल्या घरी मालनबाईंनी माझा दंड धरून मला उंबऱ्याशी उभं केलं आणि आतल्या बाईला हाक मारली. म्हणाल्या, "हे तेच बाई. आता आयक." मी सांगितलं. ती बाई भाकरी थापत ऐकत होती, तिने हात थांबवला नाही. दुसऱ्या घरी एक म्हातारी म्हणाली, मार्चपासून तुझ्या नवऱ्याला मीही तसंच म्हणत होते गं, आणि मालनबाई म्हणाल्या, "माहीत हाय मले. म्हनून तर आनलं." तिसऱ्या घरी कोणी नव्हतं. मी म्हटलं, उद्या सकाळी येऊ. मालनबाई पायरीवर बसल्या. मीही बसले. अर्ध्या तासाने त्या घरची सून सरपण घेऊन आली, तेव्हा पुन्हा सांगितलं.

त्या पायरीवर त्या माझ्याशी थोडं बोलल्या. तुम्ही गावात परतलात त्या आठवड्यात तुमच्या मुलीला, अपेक्षाला, शाळेत मुली चिडवायच्या, असं म्हणाल्या. तुम्ही दोन महिने पारावर बसायला गेला नाहीत. माझी पत्रं तुम्ही पेटीच्या झाकणात ठेवायचात आणि मालनबाईंना दाखवली नाहीत, पण त्यांनी अपेक्षाकडून सगळी वाचून घेतली. मी विचारलं, सगळी? म्हणाल्या, "ते जळफळाटाचंबी." म्हणजे १५ फेब्रुवारीचं.

चौथ्या घरी पोचेपर्यंत दिवस गेला होता. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "मंग येवढ्या लांबून हेच सांगाले आल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी आम्हाला दोघींना बसायला सांगितलं आणि चहा टाकला. त्या गावातला मला मिळालेला पहिला चहा. साखर फार होती. मी सगळा प्यायले.

परत येताना, तुमच्या वळणापाशी, मालनबाई थांबल्या आणि मला दटावून म्हणाल्या, "अपेक्षाच्या बाबाले सांगू नोका, मी तुमाले घरोघरी नेलं म्हनून. यायले वाईट वाटन." मी हो म्हटलं होतं.

पण तुमच्यापासून काही लपवून ठेवायचं, हे आता माझ्याच्याने होणार नाही. म्हणून लिहिलं. त्यांना माझ्यावर रागवू द्या.

श्यामला बेहेरे